सीएनसीला ड्रेमेल बांधायचा म्हणताय...

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरीच ॲल्युमिनियम प्रोफाइल जोडून छोटा सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन) बनवला आहे, कामाची जागा दोन फूट बाय दीड फूट. मेव्हण्यांनी अमेरिकेहून येताना आणलेला ड्रेमेल, म्हणजे हातात धरून कोरायचं विजेचं छोटं हत्यार, घरात पडून आहे. सागवानात मराठी नावाच्या पाट्या कोरायच्या आहेत आणि जमलं तर १२ मिमीचा प्लायही कापायचा आहे. ड्रेमेलच लावू, की वेगळा स्पिंडल (अशा मशीनसाठीच बनवलेली कोरायची मोटर) घेऊ?

पाट्यांसाठी लावा. प्लायचं मात्र डोक्यातून काढून टाका. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं ड्रेमेलवरच पाट्या काढल्या, त्यात तीन हत्यारं संपवली आणि मग स्पिंडलवर गेलो. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते बरंचसं जळक्या वासातून शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी हत्याराच्या अंगावरची पट्टी वाचा. अमेरिकेत विकला जाणारा ड्रेमेल १२० व्होल्टचा असतो. पिन बदलणारा अडॅप्टर लावून तो आपल्या २३० व्होल्टच्या पॉइंटात घातलात तर काही सेकंद जिवाच्या आकांताने ओरडेल आणि मग धूर सोडेल. त्याला २३० चे ११० करणारा खराखुरा, जड ट्रान्सफॉर्मर लागतो, निदान ३०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर). प्रवासाला नेतात ते हलके कन्व्हर्टर याला लावू नका. ड्रेमेलच्या आत वेग कमी-जास्त करणारं सर्किट असतं, ते बिघडतं. तिकडचे ६० हर्ट्झ आणि इकडचे ५० याची काळजी नको. ही मोटर कार्बन ब्रशची, आपल्या मिक्सरमध्ये असते त्याच जातीची, तिला हर्ट्झचं फारसं सोयरसुतक नसतं. आणि एक, ड्रेमेल हे खरं तर कंपनीचं नाव, पण झेरॉक्ससारखं ते आता सगळ्यांनाच चिकटलं आहे. पुढचं सगळं बाजारातल्या चिनी हत्यारांनाही लागू आहे, जरा जास्तच.

आता मुद्द्याचं. हातात ड्रेमेल धरून कोरताना लाकडात गाठ लागली की काय होतं? आवाज उतरतो, मनगट आपसूक सैल पडतं, आपण किंचित मागे येतो, मोटर पुन्हा सूर पकडते, मग आपण पुढे जातो. हे सगळं आपल्या नकळत चालतं. मशीनला ना कान, ना मनगट. जी-कोडमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांच्या फाइलीत, मिनिटाला ६०० मिमी लिहिलं की पुढे गाठ येवो नाहीतर जुना खिळा, ते ६०० नेच जाणार. हे हत्यार बनवणाऱ्यांनी मधे माणसाचा हात आहे असं धरूनच ते बनवलंय. तो हात आपण काढून घेतो, तेव्हा त्याचं काम कशाने तरी भरून काढावं लागतं: कमी खोलीचे पास (थराथराने कापायच्या फेऱ्या), योग्य फीड (पुढे सरकण्याचा वेग) आणि घट्ट माउंट (हत्यार धरणारा आधार).

लोक पहिल्यांदा वॅट बघतात. ड्रेमेल ३००० हा १३० वॅटचा, ४००० हा १७५ वॅटचा. हे आकडे भिंतीतून ओढलेल्या विजेचे. शाफ्टला त्यातलं बरंच कमी मिळतं. पण पाटी कोरायला तेवढी ताकद पुष्कळ आहे. खरी कमजोरी मानेत असते. बॉडी प्लास्टिकची, पुढचं बेअरिंग प्लास्टिकच्या घरात बसवलेलं, आणि मोटरचा शाफ्ट पुढच्या शाफ्टला एका छोट्या कपलिंगने जोडलेला. बिटला (टोकाच्या कापणाऱ्या पात्याला) बाजूने रेटलं की मान वाकते. खात्री करायची असेल तर हत्यार मशीनवर बसवून, प्लग काढून, बिटच्या दांड्याला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) लावा आणि अंगठ्याने हलकंसं ढकला. माझ्या पहिल्या जोडणीत काटा पाव मिलिमीटर सरकला होता. त्यातलं किती मशीनचं आणि किती हत्याराचं हेही डायल गेज सांगतो: एकदा गँट्रीवर (हत्यार वाहून नेणाऱ्या आडव्या चौकटीवर) टेकवून बघा, एकदा हत्याराच्या नाकावर, एकदा बिटवर.

पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं मलाही वाटलं होतं. पहिली पाटी एका डॉक्टरांची होती, सागवानात, अक्षरं दोन इंची. अक्षरांची वळणं सुरेख आली आणि शिरोरेखा नागमोडी! रोमन लिपीत पाट्या काढणाऱ्यांना हा त्रास नाही, त्यांची अक्षरं सुटी सुटी. आपल्याकडे डावीकडून उजवीकडे एक लांबच लांब सरळ रेघ असते आणि बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिच्यावरच जाते. पाटीत लाकडाची रेघही, म्हणजे तंतूही, त्याच दिशेने धावत असतात. सागवानात मऊ आणि कडक पट्टे आलटून पालटून येतात, त्यामुळे लेच्यापेच्या मानेवरचा बिट मऊ पट्ट्यात घुसतो, कडक पट्ट्यावरून घसरतो आणि रेघ डुलायला लागते. तो जॉब मी घरीच ठेवला, अजून आहे.

व्ही-बिटने, म्हणजे टोकाकडे निमुळत्या बिटने, कोरताना ही चूक आणखी ठळक होते, कारण रेघेची जाडी खोलीवर अवलंबून असते. ९० अंशाच्या बिटने २ मिमी खोल गेलात तर वर ४ मिमी रुंद रेघ पडते. म्हणजे खोलीत ०.१ मिमीचा फरक पडला की रुंदीत ०.२ चा पडतो. ६० अंशाच्या बिटला तोच फरक साधारण ०.१२ चा. म्हणून लहान अक्षरांना मी ६० चा वापरतो. मोठ्या, जाड अक्षरांना ६० चा बिट फार खोल जातो, तिथे ९० चाच बरा, पण त्याआधी फळी रंधून सपाट केलेली हवी. ड्रेमेलच्या कोलेटात (बिट पकडणाऱ्या चिमट्यात) जास्तीत जास्त ३.२ मिमीचा दांडा बसतो, त्यामुळे दुकानात दिसणारे ६ मिमी दांड्याचे छान छान व्ही-बिट तुमच्या कामाचे नाहीत. ३.१७५ मिमी, म्हणजे पाव इंचाच्या निम्म्या दांड्याचे घ्या आणि कार्बाइडचेच घ्या. सागवानात सिलिका असते, ती साध्या स्टीलची धार बघता बघता खाते.

आता रनआउट. बिट स्वतःच्या मध्यावर न फिरता जरा डुलत फिरतो, तो प्रकार. डायल गेज नसेल तर सोपी परीक्षा आहे: ३.१७५ चा सरळ बिट लावून एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीत) एक खाच मारा आणि व्हर्नियरने मोजा. ३.२५ आली तर जास्तीचं बहुतेक रनआउटचं, थोडं मान वाकल्याचं. पाटीला हे चालून जातं, पण दोन धारांच्या बिटची यात गंमत होते. समजा रनआउट ०.०५ आहे आणि तुम्ही प्रत्येक धारेला ०.०२ मिमीचा कीस काढायला लावलाय. वाईटात वाईट स्थितीत एक धार दुसरीपेक्षा ०.०५ ने बाहेर असते, म्हणजे सगळा कीस तीच काढते आणि दुसरी हवेत फिरते. पैसे दोन धारांचे, काम एकीचं, आणि तीच एक लवकर बोथट. यामुळे ड्रेमेलवर मी एक धारेचेच बिट वापरायचो. भुसा बाहेर पडायला जागाही जास्त मिळते.

रनआउट कमी करायचे उपाय साधे आहेत. कोलेट आणि नट अस्सल घ्या, बसवण्याआधी आतला भुसा ब्रशने काढा, बिट कोलेटात पूर्ण आत सारून मिलिमीटरभर मागे घ्या, बाहेर गरजेपुरताच ठेवा. बाहेरची लांबी दुप्पट केली तर वाकणं आठपट होतं. हा हिशोब बिटलाही लागू आणि हत्याराच्या मानेलाही. चावीशिवाय हाताने पिळायचा तीन जबड्यांचा चक मिळतो, तो सीएनसीवर अजिबात नको. बाजूने जोर आला की त्यात बिट सरकतो, आणि भुसा वर खेचणाऱ्या बिटने तर हळूहळू खाली उतरून जॉबला भोक पाडलेलं मी पाहिलंय.

माउंटवर मात्र मन लावून वेळ घाला. इंटरनेटवर ड्रेमेलचे थ्रीडी प्रिंट केलेले माउंट ढिगाने मिळतात आणि त्यातले निम्मे हत्याराचं पोट धरतात. पोट धरून उपयोग नाही, नाक धरा. ड्रेमेलच्या नाकावरची टोपी काढली की पाऊण इंची, इंचाला १२ आटे असलेला भाग दिसतो. तिथे ॲल्युमिनियमची जाड प्लेट आट्यांवर घट्ट बसवा आणि दुसरा आधार मागे बॉडीला द्या, तो नुसता डोलू नये इतपतच. पाऊण इंचाला १२ आटे हे माप आताच्या नेहमीच्या टॅपमध्ये (भोकात आटे पाडायच्या हत्यारात) मिळत नाही, लेथवर आटे पाडून घ्यावे लागतात. मी भोसरीतल्या एका टर्नरकडे गेलो, तर त्यांनी खणातून जुना बीएसएफचा (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) पाऊण इंची टॅप काढला. इंग्रजांच्या काळातलं ते माप, त्यालाही इंचाला १२ च आटे. आट्यांचा कोन ५५ अंशांचा, ड्रेमेलचा ६० चा, पण प्लास्टिकच्या आट्यावर कामापुरता बसला. चिनी हत्यारांच्या आट्यांवर विश्वास ठेवू नका, आधी मोजा.

थ्रीडी प्रिंटच लावायचा असेल तर पीएलए या प्लास्टिकचा नको. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. तासभर चाललेल्या ड्रेमेलचं नाक हाताला चटका देतं आणि वर आपला मे महिना. नागपूर-अकोल्याकडच्यांनी तर विचारच करू नये. पीईटीजी त्यापेक्षा बरा. क्लॅम्पचा स्क्रू आवळतानाही हात आखडता ठेवा. प्लास्टिकची बॉडी चेपली की आतलं बेअरिंग तिरकं बसतं आणि तापतं. आणि शाफ्ट लॉकचं ते छोटं बटण माउंटखाली दाबलं जात नाही ना, हे चालू करण्याआधी बघा. माझं पहिलं हत्यार तसंच गेलं. चूक शंभर टक्के माझी.

आकडे सगळ्यांनाच हवे असतात, तर माझे देतो. तुमचं मशीन वेगळं, तेव्हा सुरुवात यांच्या निम्म्याने करा. फीड काढायचं सूत्र सरळ आहे: फेरे गुणिले धारा गुणिले एका धारेचा कीस. एमडीएफमध्ये १८,००० फेरे, एक धार, ०.०५ चा कीस, म्हणजे मिनिटाला ९०० मिमी; खोली पासला पाऊण ते एक मिलिमीटर. सागवानात व्ही-बिटने ४०० ते ६००, पासला अर्धा मिलिमीटर, आणि शेवटचा पास फक्त ०.१ ते ०.२ चा, पूर्ण नावावरून एकदा. हा शेवटचा हलका पासच शिरोरेखा सरळ करतो, कारण त्यात मानेवर जोर जवळजवळ नसतो. घाबरून फीड फार कमी ठेवण्याची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. फीड कमी पडलं की बिट कापायचं सोडून घासायला लागतो, लाकूड काळं पडतं, बिट निळा पडतो. जोर कमी करायचा तर खोली कमी करा, फीड नको. खाली पडणारा भुसा चिमटीत घेऊन बघा. बारीक का होईना, कण लागले पाहिजेत. पिठासारखा लागला तर घासणं चाललंय.

आवाजही ऐका. या मोटरचा वेग भाराखाली उतरतो. डायलवर २०,००० लावलेत तरी लाकडात १६,००० असू शकतात. मान टाकल्यासारखा आवाज यायला लागला की पास खोल झाला.

ॲक्रिलिकबद्दल हटकून विचारतात म्हणून दोन शब्द. ॲक्रिलिकला फेरे कमी आणि फीड जास्त लागतं, नाहीतर ते वितळून बिटला गुंडाळी होते. ड्रेमेल कमी फेऱ्यांवर अशक्त होतो, शिवाय गार करणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्याने हवाही कमी मिळते. थोडक्यात जिथे जोर हवा तिथेच हे हत्यार बसकण मारतं. वरवरचं कोरीव काम होतं, आरपार कापणं जिकिरीचं.

हातात आपण ड्रेमेल एका वेळी पाच-दहा मिनिटं चालवतो. एक पाटी दीड तास सलग चालते. ड्रेमेलच्या माहितीपत्रकात दर ४०-५० तासांनी कार्बन तपासायला सांगितलंय. हाताने वापरणाऱ्याला तेवढे तास भरायला वर्ष-दोन वर्षं लागतात, तुम्हाला महिनाही लागणार नाही. कार्बनची एक जोडी जवळ ठेवाच. झिजलेल्या कार्बनने काम रेटलं की कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतो तो भाग) खराब होतो, मग आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) बदलण्यापेक्षा नवीन हत्यार परवडतं. माझं दुसरं हत्यार यातच गेलं. मी नंतर जी-कोडमध्येच दर अर्ध्या तासाने थांबा घालायला लागलो: बिट वर, दहा मिनिटं हत्यार मोकळंच चालू, पंख्याने गार होईपर्यंत. तापल्या तापल्या बंद केलं तर आतली उष्णता आतच राहते.

कार्बनच्या ठिणग्यांचा दुसरा उपद्रव असा की मशीन चालवणारा कंट्रोलर बोर्ड भांबावतो. मशीन छान चाललेलं असतं आणि मधेच लिमिट स्विच (मशीन टोकाला पोचलं की दाबला जाणारा) लागल्याचा अलार्म येतो, स्विचच्या आसपासही कोणी नसताना. किंवा यूएसबी तुटते आणि लॅपटॉप गप्प होतो. अर्डुइनो बोर्डावर ग्रबल हे सीएनसीचं सॉफ्टवेअर चालवत असाल तर हे होणारच असं धरून चाला. ड्रेमेलची वायर आणि लिमिट स्विचच्या वायरी एकाच केबल-साखळीतून नेऊ नका. स्विचला शील्डची वायर वापरा आणि शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. बोर्डाजवळ प्रत्येक लिमिट इनपुट आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. माझा नव्वद टक्के त्रास एवढ्यानेच गेला, उरलेला ड्रेमेलच्या वायरवर फेराइटची कडी चढवून.

लाईट जाण्याचा विचार तुम्ही केलाय का? हे आपल्याकडचं दुखणं, परदेशी माहितीत सापडणार नाही. लाईट गेली, मशीन जागेवर थांबलं, तुम्ही चहा प्यायला गेलात. लाईट आली की ग्रबल मुकाट बसून राहतं, पण ड्रेमेलचा स्विच चालूच असतो, तो त्याच जागी, लाकडात रुतलेला असताना, पूर्ण वेगाने फिरायला लागतो. एका जागी घासत राहिलेला बिट सागवान पेटवू शकतो, खाली भुशाचा ढीग असतोच. शेतावरच्या पंपाच्या स्टार्टरसारखी व्यवस्था करा: छोटा कॉन्टॅक्टर आणि दोन बटणं, म्हणजे लाईट गेली की तो सुटतो आणि आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय लागत नाही. मोठं लाल बटण ड्रेमेल आणि स्टेपरचा (मशीन सरकवणाऱ्या मोटरींचा) सप्लाय दोन्ही एकदम तोडेल असं जोडा. एकच तोडलं तर बंद बिटाला मशीन ओढत नेतं. आणि जॉब चालू असताना खोली सोडून जाऊ नका, चहा तिथेच आणा.

भुशासाठी व्हॅक्यूमचा पाइप बिटजवळ लावा आणि तोंडाला साधा रुमाल न बांधता नीट बसणारा मास्क घाला. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक यादीत पहिल्या गटात आहे. तीच धूळ बॉडीच्या फटींतून मोटरमध्येही जाते. माझं तिसरं हत्यार एमडीएफच्या धुळीने बेअरिंग धरल्यामुळे गेलं.

आता प्लाय का नाही. १२ मिमी प्लाय, पासला ०.८ मिमी, म्हणजे १५ पास. दोन फूट बाय दीड फुटाच्या साध्या चौकटीचा घेर २.१ मीटर, ९०० च्या फीडने एक फेरी सव्वादोन-अडीच मिनिटांची, पंधरा फेऱ्यांना ३५ मिनिटं. त्यात १२ मिमी खोल जायला बिट तेवढा बाहेर काढावा लागतो, वाकण्याचा आठपटीचा हिशोब वर सांगितलाच आहे. प्लायमधलं ग्लू धार खातं. हेच काम जिगसॉ पाच मिनिटांत करते. खरंच कापायचं असेल तर ६५ मिमी बॉडीचा ट्रिमर (सुतारकामाचा छोटा राउटर) घ्या. मकिटाचा आरटी ०७०० हा ७१० वॅटचा आहे, १०,००० ते ३०,००० फेरे, धरायला धातूची गोल बॉडी. वजन मात्र पावणेदोन-दोन किलो, ड्रेमेलच्या तिप्पट, ते तुमच्या झेड (वर-खाली जाणाऱ्या) अक्षाला आणि स्क्रूला पेलणार का ते आधी तपासा. आवाज नको असेल, सोसायटीत राहत असाल, तर ईआर ११ कोलेटचा ५२ मिमीचा ५०० वॅट डीसी स्पिंडल पाट्यांना जास्त शोभतो. फेरे १२,००० च, पण घरात बोलता येतं. मी आता तोच वापरतो. माउंट करून घेताना प्लेटला ५२ चं भोक आणि मधे ड्रेमेलसाठी रिंग असं करा, म्हणजे उद्या बदलताना टर्नरकडे पुन्हा खेप नाही.

एक गोष्ट हत्याराची नाही, लिपीची आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेखेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. तसंच टूलपाथला (बिटाचा मार्ग आखायला) दिलंत तर मशीन प्रत्येक सांध्यावर वेगळी कड समजून वळतं आणि शिरोरेखेवर बारीक खाचा पडतात. लोक मग ड्रेमेलला शिव्या देतात. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं पाथमध्ये (नुसत्या रेषांमध्ये) रूपांतर करा, सगळे पाथ युनियन करून एक करा, जोडाक्षरं नीट आहेत का ते डोळ्यांनी वाचा आणि मगच टूलपाथ काढा.

पहिला जॉब सागवानाच्या चांगल्या फळीवर घेऊ नका. सुताराकडून तुकडे आणा आणि त्यावर नुसती शिरोरेखा मारा, एक फूट लांब, एकदा लाकडाच्या रेघेच्या दिशेने, एकदा आडवी. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, खिडकीकडून तिरका उजेड घेऊन बघा. ती सरळ आली की मग अक्षरांकडे वळा.